स्कॉटलंडचं लिंग-ओळख विधेयक लंडनने रोखलं, त्याआधी दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलली नव्हती का?

बोलली होती. मंत्र्यांची पत्रं गेली-आली, भेटही झाली. पण कायदेशीर लिंग बदलण्यासाठी असलेली वैद्यकीय निदानाची अट काढणारं विधेयक २२ डिसेंबर २०२२ला एडिनबराच्या संसदेत ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाल्यावर, जानेवारीत लंडन सरकारचे स्कॉटलंड-मंत्री अ‍ॅलिस्टर जॅक यांनी १९९८च्या स्कॉटलंड कायद्याचं कलम ३५, म्हणजे स्कॉटिश विधेयक कायदा होण्यापासून रोखण्याचा अधिकार, प्रथमच वापरून तसा आदेश काढला. कारण दिलं ते २०१०च्या समता कायद्यावरील परिणामांचं. हे आक्षेप आधी नीट मांडलेच नाहीत, अशी एडिनबराची तक्रार होती. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने आदेश वैध ठरवला. अपील झालं नाही. माझ्या मते आक्षेप विधेयक संसदीय समितीत असतानाच लेखी यायला हवे होते. या ओढाताणीत ट्रान्स माणसं ताटकळली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.