अनुदानित शाळेत 27 वर्षं सेवा झाली आहे. संस्था म्हणते, "राजीनामा द्या, नाहीतर बडतर्फ करू." काय करावं?

मॅडम, उद्या ऑफिसात बोलावलं तर जा, चहा प्या, पण कशावरही सही करू नका. "घरी विचारून सांगते" एवढं म्हणून उठा. बाकीचं पुढे वाचा.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं. 1998 पासून तुम्ही माध्यमिक शाळेत सहायक शिक्षिका आहात, पद पहिल्यापासून शंभर टक्के अनुदानित आहे, वय 52. नवीन कार्यकारिणीशी पटत नाही. सचिव म्हणतात की चौकशी लावून काढलं तर डाग लागेल, त्यापेक्षा सन्मानाने राजीनामा द्या. आणि गुडघ्यांमुळे तुम्हालाही जिने चढणं नकोसं झालंय, म्हणून मन डळमळतंय.

मी अनुदानित शाळेत मुख्य लिपिक होतो. सेवापुस्तकं, पेन्शन केसेस, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या यात नोकरी गेली, आता निवृत्त आहे. सचिव तुम्हाला जो सन्मान देऊ करतायत तो पैशाच्या हिशेबात बडतर्फीइतकाच महाग आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यातला नियम 46 बघा. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त. बडतर्फीतही तेच होतं. म्हणजे 27 वर्षं खडू झिजवून, स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून पेन्शन घालवायची. डाग लागला नाही एवढंच समाधान, आणि त्या समाधानावर किराणा येत नाही.

तुम्हाला खरंच थांबायचं असेल तर रस्ता वेगळा आहे: स्वेच्छानिवृत्ती. त्याच नियमांतला नियम 66. वीस वर्षं अर्हताकारी सेवा (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) झाली असेल तर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन निवृत्त होता येतं आणि पेन्शन मिळतं. तुमची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, अनुदानित पदावरची, म्हणजे जुनी पेन्शन योजना. नोटिशीला मंजुरी लागते, पण मुदत संपेपर्यंत नकार कळवला नाही तर निवृत्ती आपोआप अमलात येते. अर्जात "नियम 66 अन्वये स्वेच्छानिवृत्ती" असंच स्पष्ट लिहा. "सेवेतून मुक्त करावे", "राजीनामा स्वीकारावा" असली गोलमाल वाक्यं नकोत. आमच्याकडे एका सरांनी वैतागून तसलंच काहीतरी लिहून दिलं होतं. पुढे त्यांची पेन्शन केस या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि प्रत्येक टेबलावर शंका एकच: हा राजीनामा की निवृत्ती?

अर्ज करण्याआधी सेवापुस्तक मागून घ्या आणि एकेक पान बघा. 1998 च्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कोणत्या तारखेपासून आहे? मान्यता उशिराची असेल तर मधला काळ धरताना हरकत येते. बिनपगारी रजा किती, त्यातली वैद्यकीय दाखल्यावरची किती, तेही तपासा. वेतन पडताळणीचा शिक्का प्रत्येक वेतन आयोगाच्या निश्चितीवर आहे ना? हे सगळं संस्थेशी संबंध बरे असताना होतं. बिघडल्यावर कपाटाची किल्ली सापडत नाही. फोटो काढून ठेवा.

आता धमकीचा भाग. खाजगी शाळेतला कायम कर्मचारी सचिवांच्या मर्जीने जात नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांनी त्यांचे हात बांधलेत. काढायचं असेल तर आधी आरोप लेखी द्यावे लागतात, तुमचा खुलासा घ्यावा लागतो, मग तीन जणांची चौकशी समिती. त्यात एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवलेला खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. सर्वसाधारणपणे 120 दिवसांत चौकशी पुरी व्हावी अशी अपेक्षा आहे. तुम्हाला साक्षीदार आणता येतात, त्यांच्या साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. निलंबित करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. ती न घेता केलं तर निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणारी रक्कम, अनुदानातून मिळत नाही, संस्थेला पदरचा द्यावा लागतो. हा हिशेब बहुतेक कार्यकारिणींना फार उशिरा कळतो.

इतकं करून काढलंच, तर आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतं, मागचा पगारही देववू शकतं. समिती चुकीची नेमली, खुलाशाला वेळ दिला नाही, अशा कारणांवर आदेश कोसळलेले मी पाहिलेत. म्हणूनच राजीनाम्याचा एवढा आग्रह असतो हो. चौकशी कटकटीची, खर्चाची आणि हरण्याची भीती असलेली. तुमची सही फुकट.

याच कायद्याचं कलम 7 खास अशा प्रसंगांसाठी आहे. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख. एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. नेमणुकीच्या दिवशीच तारखेविना राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याची चाल काही संस्थांत असते. खाकी पाकिटात, पदाधिकाऱ्याच्या कपाटात. तुमचीही अशी सही घेतली होती का, आठवून बघा. घेतली असेल तर आजच एक पत्र टाका: अमुक साली घेतलेली सही माझ्या इच्छेने नाही, माझा राजीनामा नाही. प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. टपाल खात्याने 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा, पण पोच घ्यायला विसरू नका. शिपायाच्या हाती दिलं तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

हे वाचेपर्यंत सही करून बसला असाल तर? राजीनामा स्वीकारला जाऊन अमलात येण्याआधी मागे घेता येतो. एक तासही न दवडता मागे घेतल्याचं पत्र पाठवा, दबाव कोणी, कुठे, कुणासमोर आणला ते त्यात लिहा. त्यांनी तरी कार्यमुक्त केलंच तर जबरदस्तीचा राजीनामा ही सेवासमाप्तीच आहे म्हणून न्यायाधिकरणात जाता येतं. पण तिथे जबरदस्ती तुम्हाला सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही.

दुसऱ्या नोकरीसाठी खरोखर राजीनामा देणारे इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, नसाल तर एक महिन्याची, किंवा तेवढा पगार भरायचा. नोटीस सुट्टीत देता येत नाही, नोटिशीच्या काळात सुट्टी येता कामा नये, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर देता येत नाही. कॅलेंडर घेऊन बसलात तर दिसेल की दिवाळी आणि मे यांच्या मधलीच खिडकी सोयीची. दुसरी नोकरीही पेन्शनची असेल तर अर्ज संस्थेमार्फत, रीतसर परवानगीने करा, म्हणजे मागची सेवा तुटत नाही. विनाअनुदानित शाळेतल्यांना हे पेन्शनचं गणित लागू नाही, पण पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी सोडू नका. शिक्षकांचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये कायम ठेवलाय, आणि राजीनामा दिला तरी ती मिळते.

आता तुमचा निर्णय. 58 व्या वर्षी तुम्ही नियमानेच निवृत्त होणार, म्हणजे सहा वर्षं उरलीत. मी तुमच्या जागी असतो तर आधी मुख्याध्यापकांना खालच्या मजल्यावरचे वर्ग मागणारा अर्ज दिला असता, डॉक्टरांचा दाखला जोडून. तोंडी मागणी तोंडीच विरते. नाहीच जमलं तर मग नियम 66 ची नोटीस, तीही सचिव सांगतील त्या दिवशी नाही, सेवापुस्तक तपासून झाल्यावर. मान्यतेच्या पत्राची तारीख आणि बिनपगारी रजेचा तपशील इथे खाली लिहिलात तर वीस वर्षांचा हिशेब कसा बसतो ते बघून सांगतो. शाळेचं नाव लिहू नका.