रडण्याच्या पुढचं वाक्य

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

चॅनेलला लागल्याचं कळवलंस, बरं वाटलं. पण पुढं लिहिलंयस की मुंबईचा डेस्क सारखा ‘इमोशनल बाईट पाठवा’ म्हणून मागं लागतो, पाठवू का? पाठव की. पुरात घर गेलेली बाई रडते ते नाटक नसतं आणि ते दाखवण्यात पापही नाही. गोची पुढं आहे.

२०२५च्या सप्टेंबरात सीना पात्र सोडून शेतात घुसली, तेव्हाचं कव्हरेज आठव. समज, माढ्याकडच्या एखाद्या वस्तीवर बाई तुझ्या बूम-माइकसमोर उभी आहे. आधी तिचा गळा दाटतो. मग पदरानं डोळे पुसून ती सांगते की म्हैस वाहून गेली, कडबा कुजला, तलाठी अजून फिरकला नाही, अन् पंचनाम्याच्या आधी चिखल उपसला तर नुकसान दाखवायचं काय? डेस्क यातले पहिले चार-सहा सेकंद उचलतो, खाली करुण संगीत टाकतो. तोच तुकडा ब्रेकच्या आधी, ब्रेकनंतर, अँकर भलत्याशीच बोलत असताना बाजूच्या चौकटीत फिरत राहतो. तलाठी कापला जातो. बघणारा हळहळतो, पण जाब कुणाला विचारायचा हे त्याला कळतच नाही. मग तो तसाच बसून राहतो, आणि चॅनेलला तेवढंच हवं असतं.

यात कुणी राक्षस बसलेला नाही. निवडक घरांत बार्कचे, म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, मीटर असतात. टीव्ही कुठल्या चॅनेलवर किती वेळ होता ते त्यांना कळतं, बातमी कळली का हे नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये टीआरपी घोटाळा, म्हणजे मीटरच्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचा आरोप, गाजल्यावर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबले. मार्च २०२२मध्ये ते परत आले, चार आठवड्यांची सरासरी काढून. एका दिवसाच्या तमाशानं आकडा उसळू नये म्हणून. पण तमाशा रोज केला तर सरासरीही तमाशाचीच निघणार, हे नव्या पेठेतला चहावालाही सांगेल.

मथळ्यातल्या प्रश्नचिन्हाचंही तसंच. ‘सोलापुरात पाणी पेटणार?’ असं लिहिलं की सिद्ध काहीच करावं लागत नाही, धाकधूक तेवढी लागते. उजनीचं पाणी सोलापूरला आणायची समांतर जलवाहिनी इतकी वर्षं का रखडली, याला मात्र कागद चाळावे लागतात.

एडिट तुझ्या हातात नाही, प्रश्न आहे. ‘कसं वाटतंय?’ विचारशील तर रडूच मिळेल, आणि खरं तर तो प्रश्न निर्लज्जच आहे. ‘काय काय गेलं? कोण येऊन गेलं?’ असं विचार. रडू आवरत ती हिशेब सांगेल, आणि हुंदका नि तक्रार एकाच दमात आली की कात्री लावायला जागा सापडत नाही. तरी लावलीच, तर तुझ्या पीटीसीत, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून स्वतः बोलशील त्यात, पहिलंच वाक्य तलाठ्याचं ठेव. तहसीलदारांचा बाईट त्याच फीडमध्ये जोड. कॅमेरा सुरू करायच्या आधी ‘मावशी, बोलायचंय का?’ एवढं विचारायला विसरू नकोस. नाही म्हणाली तर डेस्कलाही तसंच कळव, शिव्या खाव्या लागल्या तर खा.

आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच वस्तीवर परत जा. ‘आता त्यात काय राहिलं?’ म्हणतील. पंचनाम्याची प्रत हाताशी असली तर कदाचित घेतील.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा एखादं न कापलेलं फुटेज घेऊन ये. बसून बघू.

कळावे.