पायथॉन-जाव्हा ब्रिजमध्ये मेमरी का साठत जाते आणि ती कमी कशी करायची?

तुम्ही सी-मध्ये स्वतः ब्रिज, म्हणजे दोन भाषांना जोडणारा कोड, लिहिलाय, पायथॉनमधून जाव्हाची लायब्ररी चालवता, आणि वस्तू (ऑब्जेक्ट) 'डेल' करूनही मेमरी दिवसभर चढतच राहते, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी सौद्याच्या पट्ट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. ऐन हळदीच्या हंगामात माझा प्रोग्रॅम याच कारणाने दुपारनंतर बसायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. समजा, पेवाची पावती खिशात आहे. पावती चिमूटभर, पण ती जिवंत आहे तोवर खालची पोती हलवता येत नाहीत. पायथॉनकडचा प्रॉक्सी, म्हणजे जाव्हाच्या वस्तूचा छोटा प्रतिनिधी, ही पावती; जाव्हाच्या हीपमधली (वस्तू साठवायच्या मेमरीतली) खरी वस्तू ही पोती. प्रॉक्सी कुठल्या चक्रात, म्हणजे एकमेकींना धरून बसलेल्या वस्तूंच्या साखळीत, अडकला नसेल तर संदर्भ संपताच सुटतो. चक्रात अडकला, तर पायथॉनचा कलेक्टर (नको असलेल्या वस्तू झाडणारा) येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो वस्तूंची संख्या मोजतो, वजन नाही. चार प्रॉक्सींमागे चारशे एमबी आहेत हे त्याला दिसतच नाही. चक्र दोन्ही भाषांतून फिरत असेल, तर दोघांपैकी कुणालाच ते सुटं करता येत नाही. म्हणून मोठ्या वस्तूंना 'क्लोज' द्या, 'विथ'मध्ये वापरा आणि तिथेच डिलीट-ग्लोबल-रेफ बोलवा, म्हणजे जाव्हाच्या वस्तूवरची ब्रिजची पकड सुटते.

माझी खरी गळती मात्र लोकल रेफरन्सची, म्हणजे सी-कोडला प्रत्येक कॉलमध्ये मिळणाऱ्या जाव्हाच्या वस्तूंवरच्या तात्पुरत्या पकडींची, निघाली. जाव्हाने बोलावलेलं नेटिव्ह (सी-मधलं) फंक्शन परतलं की ते आपोआप सुटतात. आपला पायथॉनचा थ्रेड जेव्हीएमला (जाव्हा चालवणाऱ्या यंत्रणेला) बाहेरून जोडलेला असतो, तो जाव्हाकडे परततच नाही, त्यामुळे थ्रेड तोडेपर्यंत सगळे लोकल रेफरन्स साठतात. प्रत्येक कॉलभोवती पुश-लोकल-फ्रेम आणि पॉप-लोकल-फ्रेम घातल्यावर प्रत्येक कॉलअखेर ते सुटू लागले आणि माझा मेमरीचा आलेख सपाट झाला. हे आधी करा, बाकीचं नंतर.

मग नकला, म्हणजे डेटा पलीकडे नेताना होणाऱ्या प्रती. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला (काना-मात्राही वेगळं चिन्ह) पायथॉनच्या आणि जाव्हाच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येकी २ बाइट लागतात, आणि यूटीएफ-८ मधून नेलं तर मधल्या नकलेला ३. जाव्हाची स्ट्रिंग सी-मध्ये आणणाऱ्या गेट-स्ट्रिंग-यूटीएफ-चार्सनंतर रिलीज विसरलात तर ती नक्कल तशीच राहते. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ ही नावं हजारो पट्ट्यांवर येतात. ती एकदाच पलीकडे पाठवा, पुढे नुसता क्रमांक द्या. आकड्यांचंही तेच. १० लाख दशांश संख्यांच्या पायथॉन लिस्टला साधारण ३२ एमबी लागतात, तेच डबलच्या सलग अॅरेत ८. डायरेक्ट बाइटबफर, म्हणजे हीपबाहेरचा सलग मेमरीचा तुकडा, दोन्हीकडून वाचता येतो, नक्कल लागत नाही.

एक तपासून पाहा: सगळी वाढ गळती नसते. मर्यादा दिली नाही तर जेव्हीएम सहसा मशीनच्या पाव मेमरीपर्यंत हीप वाढवतं, म्हणजे १६ जीबीवर ४, आणि घेतलेली जागा लगेच परत देत नाही. एक्सएमएक्स, म्हणजे हीपची कमाल मर्यादा, ठरवून द्या. पायथॉनचं मेमरी मोजणारं ट्रेसमॅलॉक जाव्हाची बाजू दाखवत नाही. जाव्हासोबत येणाऱ्या जेमॅपचा लाइव्ह हिस्टोग्रॅम (कुठल्या क्लासच्या किती वस्तू जिवंत आहेत त्याची यादी) तासाच्या अंतराने दोनदा काढा आणि ज्या क्लासची संख्या वाढली, त्याचा प्रॉक्सी कोण धरून बसलंय ते शोधा.