पिल्लू सोडायचे पैसे देऊ नका

थंडी पडली, किनाऱ्यावर गाड्या यायला लागल्या की माझ्याकडे एकाच धर्तीची पत्रं येतात: प्राण्यांसाठी काहीतरी द्यायचं आहे, कुणाला देऊ? मी पशुवैद्य आहे. गावची गुरं-कुत्री आणि वनविभागाने आणले तर वन्यप्राणी तपासतो. त्या अनुभवावरून यावेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं देतो आहे. अमुक संस्थेलाच द्या, असं मी सांगणार नाही. देण्याआधी काय विचारायचं, ते सांगेन.

व्हॉट्सॲपवर जखमी बिबट्याच्या बछड्याचा फोटो आणि क्यूआर कोड आला आहे. उपचारासाठी पाचशे रुपये पाठवू का? (चिपळूण)

नका पाठवू. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. विहिरीत पडलेला असो की गाडीने उडवलेला, तो वनविभागाच्या ताब्यात जातो आणि उपचार त्यांच्याच देखरेखीखाली होतात. त्याच्या नावाने कुणी स्वतःच्या खात्यात पैसे मागत असेल तर आधी जवळच्या वनपालाला विचारा. आणि काजूच्या बागेत खरंच बछडा दिसला तर उचलू नका. आई बहुतेक वेळा जवळपास असते. लांब व्हा आणि १९२६ वर फोन करा.

देणगीवर ८० जी ची सूट मिळते ना? (अलिबाग)

जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी यांवर सूट नाही. संस्थेकडून नुसत्या पावतीवर समाधान मानू नका, देणगीचं आयकरासाठीचं प्रमाणपत्र (फॉर्म १० बीई) मागून घ्या. पुढचं तुमच्या सीएला विचारा.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याला गावातल्या प्राणिसंस्थेला पैसे पाठवायचे आहेत. (देवगड)

त्याचा पासपोर्ट कुठला, यावर सगळं आहे. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. नसताना पैसे घेतले तर गोत्यात संस्था येते. आधी त्यांच्या हिशेबनिसाशी बोला.

डिसेंबरात दापोलीकडे जाणार आहोत. रिसॉर्टवाले म्हणतात, 'कासव दत्तक योजना' आहे: माणशी दीड हजार, पिल्लू स्वतःच्या हाताने समुद्रात सोडायचं, वर प्रमाणपत्र. पैसे कासवांसाठीच जातात म्हणे. घ्यावी का? (ठाणे)

घेऊ नका. हे उत्तर लांबणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त चीड याच प्रकाराची येते.

आधी हिशेब मांडा. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येते. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, ती उबायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात. पिल्लांचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. मग डिसेंबरात माणशी एक पिल्लू हे लोक आणणार कुठून?

दुसरं म्हणजे, वाळूतून वर आलेल्या पिल्लाच्या पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी असते. तिच्या बळावर ते पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहतं आणि किनाऱ्यालगतच्या माशांच्या, पक्ष्यांच्या टापूतून बाहेर पडतं. तुमचा नाश्ता होईपर्यंत त्याला घमेल्यात ठेवलं, की ते घमेल्याच्या कडेला धडका देत वल्ही मारत राहतं आणि शिदोरी तिथेच संपते. पाण्यात जाताना ते हलतंय म्हणून टाळ्या पडतात. पुढे त्याचं काय होतं ते कुणी बघत नाही. शिवाय मोबाईलचा दिवा लागला की पिल्लं दिशा चुकतात, समुद्र सोडून दिव्याकडे वळतात.

खरं काम कसं चालतं ते एकदा बघा. कासवमित्र पहाटे अंधारात पुळणीवर निघतो. मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग भरतीच्या रेषेवरून वर जातो आणि परत फिरतो. जिथे फिरतो तिथे तो काठीने अगदी हलके टोचून बघतो. वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरतो, हातभर खाली अंडी लागतात. ती जशी आहेत तशीच, न उलटवता, न हिसकता हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या कुंपणातल्या जागेत, न्यायची आणि तेवढ्याच खोलीच्या, तळाशी रुंद खड्ड्यात ठेवायची. हे सगळं अंडी घातल्यापासून काही तासांत. त्यानंतर आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडं उलटलं तर मरतो. कोल्हा किंवा कुत्रा कासवमित्राच्या आधी पोचला तर खड्ड्याभोवती नुसती टरफलं. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने हे काम उभं केलं. आज वनविभाग आणि त्याचा खारफुटी-किनारा बघणारा कांदळवन कक्ष कितीतरी किनाऱ्यांवर ते करतात. ओडिशात २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. ती नोंद झाली, कारण त्या वेळी पुळणीवर कुणीतरी हजर होतं.

त्या माणसाचं मानधन, टॉर्च, कुंपणाची जाळी यांना पैसे लागतात ते दसऱ्याच्या आसपास. आणि देणगीदारांचे फोन सुरू होतात शिमग्यात, पिल्लांचे व्हिडिओ फिरायला लागल्यावर! तेव्हा अर्धा हंगाम उलटलेला असतो. द्यायचं असेल तर गणपती उठले की द्या.

मुलांना पिल्लं दाखवायची आहेत ना? मार्चमध्ये या. गावकऱ्याच्या घरी उतरा, त्याच्या घरचं जेवा आणि पैसे त्याच्या हातात द्या. कासवामुळे गावात चार पैसे येतात हे दिसलं, की अंड्यांची राखण सगळं गाव करतं. दोरीच्या मागे उभे राहा. त्या दिवशी पिल्लं बाहेर आली नाहीत तर मुलांची समजूत काढून परत जा. 'कालची ठेवली आहेत तुमच्यासाठी' असं कुणी म्हणालं तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला कळवा. परवानगीशिवाय अंड्याला किंवा पिल्लाला हात लावणं गुन्हा आहे आणि प्रमाणपत्र छापल्याने तो पुसला जात नाही. कोणत्या किनाऱ्यावर कुणाला परवानगी आहे, तेही त्याच कार्यालयात कळेल.

पगारावर दहा टक्क्यांहून जास्त खर्च करणारी संस्था लबाड समजावी, असं ऐकलं. खरं का? (डोंबिवली)

ऐकीव गोष्ट आहे, सोडून द्या. पहाटे पुळण चालणारा, रात्री पिंजऱ्यापाशी बसणारा माणूस हेच इथलं काम आहे. पगार नसेल तर ते करणार कोण? न्यासाची नोंदणी आहे का, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दाखवतात का, आणि कोणत्या गावात काय केलं हे तारखेनिशी सांगतात का, ते बघा. हिशेब मागितल्यावर आवाज चढला तर उठून या. शंका असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांक घेऊन जा.

कुत्रे कासवाची अंडी खातात. मग कुत्र्यांच्या संस्थेला देणं चूक का? (गुहागर)

चूक नाही. किनाऱ्यालगतच्या वाडीत नसबंदी आणि रेबीजची लस एकत्र होत असेल तर त्यात माणूस, कुत्रा, कासव तिघांचंही भलं आहे. पण इथे चार, तिथे सहा अशा शस्त्रक्रियांनी काही साधत नाही. रेबीज रोखायचा तर किमान ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. संस्थेला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता आहे का आणि नसबंदीनंतर कुत्रं कानाला खाच करून होतं तिथेच परत सोडतात का, हे विचारा. आणि पुळणीवर कुत्र्यांना बिस्किटं घालणं आधी थांबवा. ग्रामपंचायतीला आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला बरोबर घेतल्याशिवाय शिबिरासाठी पैसे देऊ नका.

गोशाळेला औषधं घेऊन देतो. त्याने वन्यजीवांचं भलं होतं का? (महाड)

चुकीचं औषध दिलंत तर नुकसान होतं. डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही आली. तरी माणसांसाठीच्या कुप्या गोठ्यात येतातच. तुमच्याच जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात, गिधाडं वाचवायला गावकरी झटत आहेत. वेदनाशामक घ्यायचं तर मेलॉक्सिकॅम, तेही तिथल्या पशुवैद्याच्या चिठ्ठीवर. घरातली उरलेली औषधं तर देऊच नका.

जाळ्यात कासव अडकलं, जाळं कापून सोडलं. नुकसान कोणती संस्था देते? (मालवण)

संस्था नाही, सरकार देतं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. ते असतील तर उद्याच मच्छीमार सोसायटीच्या सचिवांना घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा.