शेवटचं प्रकरण आधी वाचावं का?

प्रश्न : ताई, रहस्यकादंबरी हातात घेतली की पन्नासेक पानांनंतर मी शेवटचं प्रकरण वाचून टाकते. खुनी कोण ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही आणि सकाळी साडेसातची लोकल असते. जाऊबाई आणि मी एकाच वाचनालयातून पुस्तकं आणतो. गेल्या महिन्यात बोलता बोलता माझ्या तोंडून खुन्याचं नाव निघून गेलं. त्या फार दुखावल्या. म्हणाल्या, 'तू वाचत नाहीस, नुसतं उत्तर बघतेस.' माझं खरंच चुकतंय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाव सांगितलंत ते चुकलं. जाऊबाईंची माफी मागा. शेवट आधी वाचण्याचं मात्र हातात पुस्तक कुठलं आहे त्यावर आहे.

माझे वडील बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. बाबूरावांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या गावच्या वाचनालयात त्यांच्यासाठी नंबर लागायचे. झुंजार किंवा काळापहाड सापळ्यातून सुटणार हे वडिलांना पहिल्या पानालाच ठाऊक असे. तो कसा सुटतो यासाठी ते वाचत. अशा पुस्तकाचा शेवट तुम्ही आधी वाचलात तरी फारसं काही हातचं जात नाही.

कोड्याच्या कादंबरीचं तसं नाही. तिथे लेखकानं वाचकाला शब्द दिलेला असतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लंडमधल्या कॅथलिक धर्मगुरूंनी 1929 साली या शब्दाचे दहा नियम लिहून काढले होते. भुताखेतांनी उकल करायची नाही, आजवर कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यलेखकांनी 'डिटेक्शन क्लब' काढला आणि सभासद होताना अशीच शपथ घ्यायची प्रथा पाडली. म्हणजे उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं. ते तुम्हाला दिसतं का, एवढाच प्रश्न. शेवट आधी वाचलात की तो प्रश्न तुम्हाला कुणी विचारतच नाही.

हे मला कळलं ते 1979 साली. औषधनिर्माणशास्त्राच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. मैत्रिणीनं अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी दिली, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'. खून स्ट्रिक्निननं होतो. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांमधलं विष. आमच्या आजोळी कुंपणाला काजरा होता. शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर उलगडा करायला लागला आणि माझे कान गरम झाले. तो सांगत होता ती गोष्ट आठवडाभरापूर्वी वर्गात शिकवली होती, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होती. कादंबरीतही त्या सगळ्या गोष्टी आधी उघडपणे येऊन गेलेल्या, आणि मी सरळ पुढे गेले होते! ती गोष्ट कुठली हे इथे सांगणार नाही.

ख्रिस्तीबाईंना हे जमलं कारण त्या पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं बनवायच्या खोलीत काम करत होत्या. त्यासाठीची परीक्षाही त्यांनी दिली होती. तिथे काम करतानाच ही कादंबरी सुचली. 1920 साली ती छापून आली, तेव्हा ब्रिटनमधल्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकानं त्यातल्या विषाच्या अचूकपणाचं कौतुक केलं होतं. मी छत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे काढली. बाटलीवरची चिठ्ठी चुकली तर काय होतं हे जिला माहीत आहे, तिनंच ते लिहिलं आहे असं मला आजही वाचताना जाणवतं.

म्हणून असं करा. शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावा. उलगड्याआधी थांबून तुमचा संशयित आणि त्याचं कारण कागदावर लिहा, जाऊबाईंनाही लिहू द्या, मग रबरबँड काढा. आणि उत्तर कळल्यावर ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचा. शेवट माहीत असताना वाचायची ती खरी वेळ. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' 1926 साली आली तेव्हा लेखिकेनं फसवलं म्हणून काही वाचक चिडले होते. मीही चिडले होते. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले, आणि एकही वाक्य खोटं सापडलं नाही.

झोपेचं काय? ज्यांना न कळणं सोसत नाही, त्यांच्यासाठी उलट्या बांधणीच्या कादंबऱ्या आहेत. जपानच्या केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या, 2005 सालची. पहिल्याच प्रकरणात खून तुमच्यासमोर होतो, करणारी व्यक्ती तुम्हाला दिसते. तुम्ही निवांत झोपाल. तरीही शेवटी तुमच्या नजरेतून काहीतरी निसटलेलं असेल, एवढंच सांगते.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सतत खुनाच्या कादंबऱ्या वाचते आणि एका वहीत विषांची यादी करते. तिचे आजोबा म्हणतात, हे बंद करा. मला काय करावं सुचत नाही.
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : बंद करू नका. आजोबांना ही हकिकत वाचून दाखवा. 1977 साली कतारहून एका दीड वर्षाच्या बाळाला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलं होतं. डॉक्टरांना निदान सापडत नव्हतं. तिथली एक परिचारिका त्या दिवसांत ख्रिस्तीची एक कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळताना पाहून तिला त्यातली लक्षणं आठवली. तिनं डॉक्टरांना थॅलियम या विषारी धातूची शंका बोलून दाखवली. तपासणीत थॅलियमच निघालं. घरात झुरळं-उंदीर मारायला आणलेल्या औषधातून ते बाळाच्या पोटात गेलं होतं. बाळ वाचलं. कादंबरीचं नाव देत नाही, नाहीतर तुमच्या मुलीची मजा जाईल.

रक्तपात रंगवून सांगणारी पुस्तकं नववीला नकोत, एवढं मी आजोबांच्या बाजूनं म्हणेन. ती आधी तुम्ही चाळून बघा. पण ती यादी तिला माझ्याकडे पाठवायला सांगा. ते विष कुठल्या झाडात किंवा धातूत असतं आणि आज त्यावर उपचार काय करतात, एवढं मी प्रत्येक नावापुढे भरून देईन.