कोंड्याची बाटली बदलण्याआधी त्या लोशनवरचं नाव वाच

शिरोलीच्या फौंड्रीत हेल्मेट घालून काम करणाऱ्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिने २ टक्के किटोकोनॅझोलचा (बुरशीवरचं औषध) शॅम्पू लावतोय, कोंडा जातो आणि परत येतो. मध्येच मेडिकलवाल्यानं एक लोशन दिलं, चार दिवसांत डोकं साफ झालं. ते संपल्यावर दुप्पट खाज सुटली आणि आता कपाळावर केसांच्या कडेनं लाल पट्टा आलाय. तर आता कुठला शॅम्पू घेऊ?

भावा, शॅम्पू बदलायची गरज बहुतेक नाही. माझंही दुखणं हेच होतं, म्हणून जरा लांबण लावतोय. मी डॉक्टर नाही. डोक्यातून पू येत असेल, ताप असेल, मानेत गाठी आल्या असतील किंवा केस चट्ट्याचट्ट्यानं जात असतील तर हे वाचत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आधी ते लोशन. बाटली उलटी कर आणि बारीक अक्षरातले घटक वाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. बरेचदा जोडीला सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते खपली सैल करतं. औषध वाईट नाही. सोरायसिसला त्वचारोगतज्ज्ञ हेच देतात, पण दिवस मोजून देतात. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. ते सलग दोन आठवड्यांच्या वर लावू नये असा साधारण दंडक आहे. कोंडा ज्या बुरशीमुळे होतो तिला स्टेरॉइड हातही लावत नाही. ते फक्त कातडीची सूज, लाली आणि खाज दाबून टाकतं. चार दिवसांत जादू झाल्यासारखी वाटते ती त्यामुळे. बुरशी तिथंच असते, वर कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली, म्हणजे तिला मोकळं रान. लोशन थांबलं की दाबलेलं सगळं एकदम उसळतं. माणूस परत दुकानात जातो, परत तीच बाटली. महिनोन्‌महिने हे चाललं की कातडी पातळ होते, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, आणि घामाबरोबर ओघळून कपाळावर, कानामागं लाल पट्टे उमटतात. तुझा पट्टा त्यातलाच असू शकतो. आणि मूळ दुखणं नायटा असेल तर स्टेरॉइडमुळे त्याचं रूप इतकं बदलतं की पुढं डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही.

असली बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारनं २०१८ सालीच मनाई केली. तरी काउंटरवर ‘कोंडा आहे’ एवढं म्हटलं की मिळतात. मला ज्या दुकानानं ते टेकवलं त्याचं नाव घेत नाही. ‘भारी आहे, घ्या’ यापलीकडं एक शब्द नाही, किती दिवस लावायचं तेही नाही. एमआरपीवर दहा टक्के सूट मात्र न मागता. असो.

ते संपल्यावर तू परत आणलं असशील आणि आठवड्यापेक्षा जास्त लावत असशील तर आज एका झटक्यात टाकून देऊ नकोस. सवय झालेली कातडी जास्त भडकते. साधारण पद्धत अशी असते की किटोकोनॅझोल शॅम्पू चालू करून दोन-तीन आठवड्यांत स्टेरॉइड हळूहळू सौम्य आणि कमी करत बंद करायचं. पण कुठलं आणि किती, हे बाटली दाखवून डॉक्टरलाच ठरवू दे. खासगीत जायला नको वाटत असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखव. जाताना दोन्ही बाटल्या घेऊन जा, ‘पांढरी ट्यूब होती’ म्हणून कुणाला काही कळत नाही.

आता शॅम्पू. किटोकोनॅझोल आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान तीन दिवस सोडून, चार आठवडे. रोज लावून लवकर गुण येत नाही, डोकं कोरडं पडतं आणि त्या कोरड्या पापुद्र्यालाच लोक परत कोंडा समजतात. फौंड्रीतली वाळू-धूळ आणि घाम असेल तर आधी साध्या शॅम्पूनं एक हात मारून घे, नाहीतर औषध मळातच अडकतं. मग पाणी निथळून ५ मिली, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, हातावर घे. लांब केसांना १० मिली. केसांना फासायचं नाही. बोटांनी भांग पाडत पाडत टाळूला लावायचं, कानामागं आणि मानेवरच्या केसांच्या कडेला विसरायचं नाही. नखं लावू नकोस. मग पाच मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. लावलं आणि लगेच तांब्या ओतला तर औषध मोरीत गेलं. दहातले नऊ ‘शॅम्पूनं काही होत नाही’ म्हणणारे इथंच चुकतात असं माझं मत. थंडीत नळाखाली उभं राहून पाच मिनिटं जात नाहीत हे मान्य, तेवढ्यात दात घास, अंग चोळून घे. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, गेलं तर भरपूर पाण्यानं धू. शेवटी स्वच्छ धुऊन काढ. बोअरचं जड पाणी असेल तर जास्त वेळ धुवावं लागतं.

हिशेब सोपा आहे. आखूड केस, आठवड्याला १० मिली, म्हणजे ६० मिलीची बाटली सहा आठवडे. तीच बाटली चार महिने पुरली असेल तर तू औषध लावलेलंच नाहीस. दोन महिने वापरतोयस म्हणालास, बाटल्या किती संपल्या ते लिही.

चार आठवड्यांनी डोकं साफ झालं तरी बंद करायचं नाही, हे कुणी सांगतच नाही. मॅलासेझिया नावाची ही बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर कायमची असते, ती संपत नाही, फक्त आवाक्यात ठेवायची असते. म्हणून पुढं आठवड्याला किंवा पंधरा दिवसाला एकदा, चालूच.

तेलाबद्दल लिहिलं की घरोघरी भांडण लागणार, पण लिहितो. या बुरशीला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती टाळूवरचं तेल खाते आणि त्यातून उरलेल्या ओलेइक अ‍ॅसिडनं कातडी चुरचुरते. रात्री खोबरेल चोपडून सकाळी धुणं म्हणजे तिला रात्रभर जेवण. कोंडा ‘कोरडेपणामुळे’ होतो म्हणून तेल, हा तर्क बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे. दिवाळीचं अभ्यंगस्नान करा की, तास-दीड तासात धुऊन टाकलं तर काही बिघडत नाही. लिंबू मात्र चोळू नका: खरवडलेल्या टाळूवर आग होते, आणि रस राहून वर ऊन लागलं तर डाग पडतात.

किटोकोनॅझोल नीट लावूनही गुण नाही आला तर घटक बदलतात, जाहिरात बघून ब्रँड नाही. सेलेनियम सल्फाइड २.५ टक्के दोन-तीन मिनिटं ठेवतात. ते लावताना अंगठ्या, साखळ्या काढून ठेवा, हुपरीची चांदी काळी पडली म्हणून सोनाराशी भांडू नका. केस रंगवले असतील तर पुढचे दोन दिवस ते लावायचं नाही, रंग बिघडतो. जाड खपली असेल तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा कोल टारचा (कोळशाच्या डांबराचा) शॅम्पू. टारला वास येतो, उशीच्या अभ्र्याला डाग लागतात आणि त्यानंतर ऊन जास्त भाजतं, म्हणून उन्हात काम असणाऱ्यांनी जपून. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी यातलं काहीही विचारल्याशिवाय लावू नये. तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या पिवळ्या खपलीला हे शॅम्पू नकोत; तिथं थोडं तेल लावून, मऊ ब्रशनं सोडवून, लगेच धुतलं तरी पुरतं.

कोंड्यासारखं दिसतं ते सगळं कोंडाच नसतं. चंदेरी जाड थर, केसांच्या रेषेच्या बाहेर आलेला, शिवाय कोपरं-गुडघ्यांवरही तसेच थर किंवा नखांवर खड्डे, तर सोरायसिसची शंका घ्या. पांढरा कण केसाला चिकटून बसला, ओढूनही सरकत नाही, तर ती लीख. शाळकरी पोराच्या डोक्यात गोल चट्टा, तिथं केस तुटून काळे ठिपके राहिलेत, तर तो नायटा. बुरशी केसाच्या आत असते, शॅम्पू तिथं पोचत नाही, काही आठवडे पोटात गोळ्याच घ्याव्या लागतात. तालमीत जाणाऱ्या पोरांनी तर टॉवेल आणि कंगवा कुणाचा घेऊ नये, कुणाला देऊ नये.

गोळ्यांवरून आठवलं. शॅम्पूनं जमत नाही म्हणून काउंटरवरून किटोकोनॅझोलच्या गोळ्या घेणारे भेटतात. शॅम्पू जवळजवळ अंगात उतरत नाही, गोळी मात्र यकृताला मारू शकते. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी बुरशीसाठीच्या या गोळ्या बाजारातून काढायची शिफारस केली आणि अमेरिकेनं त्याच वर्षी कडक इशारा दिला. कोंड्यासाठी तर मुळीच नाही.

राहिलं तुझं हेल्मेट. आतलं कापड निघत असेल तर आठवड्याला धुऊन उन्हात वाळव, निघत नसेल तर डोक्यावर सुती रुमाल बांध आणि तो रोज बदल. पावसाळ्यात ओल्या केसांवर हेल्मेट चढवून गाडी काढू नकोस. लोशनच्या घटकांचा फोटो इथं टाक, बघून सांगतो.