खाडीच्या गाळातले सूत्रकृमी

प्रश्न : प्रदूषित ठाणे खाडीतल्या सूत्रकृमींच्या (नेमॅटोड, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी) जैवविविधतेचा अभ्यास करतोय. गाळ फॉर्मॅलिनमध्ये नागपूरला आणला, पण कृमी वेगळे करायला लुडॉक्स (सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचे दाट द्रावण) ओतताच त्याचा गोळा झाला. काय चुकले?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गाळात मीठ राहिले. समुद्री क्षारांमुळे लुडॉक्स जेलीसारखे थिजते. गाळ १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून ३८ मायक्रॉनच्या चाळणीवर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. नळाचे पाणीही आधी गाळून घ्या, नाहीतर त्यातले कृमी मोजणीत शिरतील. मग १.१८ घनतेचे लुडॉक्स घालून सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने गरगर फिरवा), वर तरंगलेले कृमी बारीक चाळणीवर ओता. हे तीनदा कराच. एकदाच केले तर बरेच कृमी तळाशी राहतात.

डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यांवर भिस्त ठेवू नका. पुढच्या वेळी प्रत्येक ठिकाणचा एक जादा नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा.